छत्तीस पिशव्या

"परमेश्वरा!"

ट्रकखालून मामाचा आवाज आला. मी ओ दिली नाही. माझं नावच परमेश्वर असल्यामुळं मामा मला हाक मारतोय की वरच्याला, हे पहिल्या हाकेत कळत नाही. दुसऱ्या हाकेत शिवी असली तर ती माझी.

"परमेश्वरा, मेलास का रं? बारा-तेराचा पाना दे."

मी दिला. ट्रकखालून एक काळा हात आला, पाना घेऊन आत गेला. बाहेर फक्त मामाच्या चपला राहिल्या. त्यातली एक उजवी आणि दुसरीही उजवीच होती.

सकाळचे साडेअकरा वाजले होते. जागा बालाघाटचा माळ. चारी बाजूंना दगड, कुसळं, आणि मधून जाणारा रस्ता. तोही कुणीतरी टाकून दिल्यासारखा. मोबाइलला रेंज नव्हती. मागच्या अर्ध्या तासात आमच्या बाजूनं एक सरडा गेला होता, पण त्याची घाई दिसत होती.

ट्रकमध्ये छत्तीस पिशव्या होत्या. फुगवलेल्या, उशीएवढ्या, प्लास्टिकच्या. प्रत्येकीत सात लिटर पाणी, वर ऑक्सिजन, आणि आत माशांची तीनशे बोटुकली. रोहू, कटला, मृगळ; बोटाएवढे म्हणून बोटुकली. पहाटे आम्ही ती बीज केंद्रातून उचलली होती आणि संध्याकाळच्या आत आमच्या तलावात सोडायची होती. त्या वर्षी पाऊस एकाच रात्री पडला, तोही सप्टेंबरच्या शेवटी. तलाव जेमतेम तिसरा हिस्सा भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मत्स्य खात्याचे साहेब पाहणीला येणार होते. तलावात बीज सोडलेलं दिसलं तर मासेमारीचा ठेका आमच्या मच्छीमार सोसायटीकडं राहणार होता. नाही दिसलं तर पलीकडच्या काठाच्या बोरखेलच्या सोसायटीला जाणार होता. आमच्या वस्तीवर बावीस घरं, सगळी भोयांची. मासे धरण्याशिवाय आम्हाला दुसरं काही येत नव्हतं आणि बऱ्याच जणांना तेही बरं येत नव्हतं.

मी सोसायटीचा सचिव होतो. वय बावीस. लायकी अशी, की वस्तीवर बी.ए. झालेला मी एकटाच.

अंबादासमामा आईचा धाकटा भाऊ. त्याचा ट्रक माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. मागच्या फळीवर एकेकाळी 'शुभ प्रवास' असं लिहिलेलं होतं. अर्धी फळी कुजली तेव्हा मामानं भंगारातून दुसऱ्या गाडीची अर्धी फळी आणून बसवली. तेव्हापासून ट्रकमागं 'शुभ हॉर्न' असं होतं. आठ महिने तो ट्रक लिंबाखाली उभा होता. कोंबड्या त्यात अंडी घालायच्या. सभेत मीच उभा राहून म्हणालो होतो, की बाहेरची गाडी कशाला, मामाची आहे की.

त्याला कारण होतं. आमच्यात तलावात बीज येतं ते लेक माहेरी आल्यासारखं. बायका काठावर तलावाची ओटी भरतात, आणि ज्या गाडीतून बीज आलं त्या गाडीवाल्याला मुराळी, म्हणजे लेकीला घेऊन येणारा, म्हणतात. त्याला टॉवेल-टोपी करतात, पहिलं ताट त्याला वाढतात. मामा ट्रक घेऊन आयुष्यभर ऊस, कांदा, विटा, एकदा तर अख्खी शाळा (बाकांसकट) घेऊन फिरला, पण मुराळी कधी झाला नव्हता. पहाटे निघताना त्यानं दाढी केलेली मी पाहिली होती. मामा दाढी करतो म्हणजे घरात लग्न तरी असतं किंवा मयत तरी.

"होज पाईप फाटलाय," मामा खालून म्हणाला. "अन् रेडिएटरबी पाझरायलाय. तुझ्या तळ्यासारखा."

"पाणी?"

"कॅनमधलं मघाशीच वतलं. गेलं रस्त्यावर. जा, हुडकून आण."

मी बादली घेऊन निघालो. दीड किलोमीटरवर एक हातपंप सापडला. त्याच्या चौथऱ्यावर 'पाणी हेच जीवन' असं निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. पंपाला दांडा नव्हता. दांडा कुणीतरी नेला होता. त्याला पाण्याशिवाय कशासाठी लागला असेल, यावर विचार करत मी परत आलो.

तोवर मामानं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढून होज पाईप आवळून बांधला होता. आता रेडिएटरचं भोक राहिलं होतं.

"हळद हाय का?" मामानं विचारलं.

"भाजी करायची का?"

"रेडिएटरात टाकायची. भोक बुजतं. तुझ्या बी.ए.त न्हाई शिकवलं?"

हळद होती. आईनं बीज केंद्राच्या टाक्यांची ओटी भरायला एक पिशवी दिली होती, कारण जिथून लेक आणायची तिथलीही ओटी भरायची असते. केंद्रातल्या माणसानं 'टाकीत काही टाकू नका, पाणी खराब होतं' असं म्हणून ती परत केली होती. तिच्यात खण होता, नारळ, तांदूळ, हळद, कुंकू. मामानं हळदीचा पुडा घेतला आणि रेडिएटरच्या तोंडाशी धरून क्षणभर डोळे मिटले. मग नारळ फोडला आणि त्याचं पाणीही आत ओतलं.

"नारळाचं कशाला?"

"पाणी म्हणजे पाणी. अन् फोडलाच हाय तर देवाचं नाव बी झालं."

ट्रकची अशी ओटी भरून मामा कुठं आणखी गळतंय का बघायला परत खाली शिरला, आणि तेवढ्यात मागून धूळ उठली. पांढरी पिकअप. मागं सरकी पेंडीची पोती. गाडी आमच्याजवळ थांबली आणि खिडकीतून एक चेहरा बाहेर आला. शिवदास घटे. बोरखेलच्या सोसायटीचा चेअरमन.

त्यांचं आणि आमचं काय होतं ते एका वाक्यात सांगता येत नाही, कारण कुणालाच आता ते नीट आठवत नाही. त्यांनी आमची जाळी कापली होती. आम्ही त्यांचा तराफा जाळला होता. आधी काय झालं यावर दोन्ही काठांचं एकमत नव्हतं. मी शाळेत असताना शिवदासच्या पुतण्याच्या शेजारी बसलो म्हणून वडिलांनी माझा बाक बदलून घेतला होता.

"काय झालं रं?" शिवदासनं विचारलं.

"काही नाही."

"गाडी बंद पडली?"

"नाही. आराम करायलोत."

त्यानं वर उघडलेल्या बॉनेटकडं पाहिलं. मग खाली मामाच्या दोन उजव्या चपलांकडं.

"बॉनेट उघडून?"

"इंजिनालाबी वारं लागायला पाहिजे."

शिवदास हसला नाही. तो खाली उतरला, आमच्या फळीवर चढून ताडपत्री वर करून त्यानं आत पाहिलं. पिशव्यांवर ओली पोती टाकलेली होती. ती वाळायला लागली होती. त्यानं एका पिशवीला हाताचा तळवा लावला, लेकराचा ताप बघतात तसा.

"ऊन लई हाय. तासाभरात उकडतील. माझ्या पोत्यांवर बसतील पिशव्या. तूबी बस संगं. दीड तासात तळ्यावर."

"नको."

"बरं, पाणी तरी हाय का?"

"भरपूर."

 तेवढ्यात ट्रकखालून कळवळून आवाज आला, "परमेश्वरा!"

"देवाचा धावा करायलाय की तुला हाक मारायलाय?" शिवदासनं विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो.

तो गाडीत बसला आणि गेला. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. मामा खालून सरपटत बाहेर आला.

"कोण व्हतं?"

"कुणी नाही. रस्ता विचारत होता."

मामानं माळाकडं पाहिलं. त्या रस्त्याला इकडं अठरा आणि तिकडं एकवीस किलोमीटर एकही फाटा नाही.

"बरं," मामा म्हणाला.

रेडिएटरमध्ये आता हळद होती, नारळाचं पाणी होतं, श्रद्धा होती. फक्त पाणी नव्हतं. आम्ही दोघं ट्रककडं बघत उभे राहिलो आणि मला वाटतं दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी आलं, पण बोलायचं कुणी यावर जरा वेळ गेला.

"छत्तीस हायत," शेवटी मामा म्हणाला. "तीनचं पाणी घेतलं तर तेहतीस राहतील. इथंच थांबलो तर एकबी राहायची न्हाई."

"सगळ्यांतलं थोडं थोडं घेऊ."

"घे की."

पण ते जमणारं नव्हतं, हे मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. तोंड सोडलं की ऑक्सिजन जातो. मग पाणी कितीही ठेवा. सोडायच्या तर अख्ख्या तीन.

कुठल्या तीन, यावर आम्ही पाच मिनिटं वाद घातला. मामाचं म्हणणं मृगळ सोडावा, त्याला काटे जास्त असतात. मी म्हणालो, बोटाएवढ्या माशाला कसले काटे. मामा म्हणाला, मोठा झाल्यावर होणारच की. शेवटी मृगळाच्या तीन पिशव्या आम्ही सोडल्या. मामानं रेडिएटरच्या तोंडावर आईचा खण धरला, हिरवा, काठाचा, आणि मी पाणी ओतलं. मासे खणात राहिले, पाणी आत गेलं. नऊशे मासे. ते मी बादलीत टाकले. तळाशी दोन इंच पाणी ठेवलं होतं, आणि मी केबिनमध्ये बादली मांडीवर घेऊन हातानं पाणी चापटत बसलो. पाणी हलतं राहिलं की थोडा ऑक्सिजन पाण्यात मिसळतो, हेही शिकवलं होतं. एका बादलीत किती माशांना तो पुरतो, हे शिकवायच्या दिवशी चहा जास्त वेळ चालला होता.

ट्रक सुरू झाला. मामानं स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला.

चार किलोमीटर गेल्यावर बॉनेटमधून वाफ आली. हळदीनं भोक बुजवलं होतं, पण जुन्या माणसासारखं ते भोक एका जागी गप्प बसणारं नव्हतं. परत तीन पिशव्या. परत खण. तीस राहिल्या.

इथं मी गणित केलं. सकाळी ट्रक बंद पडला तिथून वस्ती एक्केचाळीस किलोमीटर होती. पहिल्या तीन पिशव्यांत चार झाले, पण पुढं चढ; म्हणून तीन पिशव्यांत सरासरी तीन किलोमीटर धरले. छत्तीस पिशव्यांत छत्तीस किलोमीटर. म्हणजे गणित जवळजवळ जमत होतं. फक्त पाच किलोमीटर कमी पडत होते. आणि मासे. मी ते मामाला सांगितलं.

"तू गप बस अन् पाणी चापट," मामा म्हणाला.

दोन वाजता ऊन असं झालं की दगडांनीही अंग चोरलं. मी मागं जाऊन पाहिलं तर काही पिशव्यांतले मासे उलटे झाले होते, पांढरी पोटं वर. मग निवड सोपी झाली. मेलेल्या पिशव्या आधी. पण ओतताना मेलेले संपले की जिवंत यायचे आणि जिवंत ओतेपर्यंत आणखी काही मरायचे. काही मासे खणातून निसटून रेडिएटरातही गेले असणार. कारण तिसऱ्या की चौथ्या खेपेनंतर वाफेला वास यायला लागला.

"वास कसला रं?" मामा म्हणाला.

मी नाक वर केलं. हळद, नारळ, मासा.

"कालवणाचा."

आम्ही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मामानं काच वर केली. केबिनला दोन काचा असत्या तर त्यानं दोन्ही वर केल्या असत्या.

 थांबायचं, उतरायचं, खण धरायचा, ओतायचं. खणाचा हिरवा रंग जाऊन तो पिवळा झाला. बादलीतले मासे केव्हाच मेले होते. तरी मी पाणी चापटत होतो. मामानं एकदा तिकडं पाहिलं आणि गिअर बदलला.

साडेतीनला एका चढावर ट्रक उभा राहिला. मी मागं गेलो. तीन पिशव्या होत्या. दोघींतले मासे गेले होते. एकीतले हलत होते, मंद, पण हलत होते. मी दोन पिशव्या मामाला दिल्या. त्या ओतल्या. दोन किलोमीटर गेलो. मग इंजिन असं गप्प झालं की त्याला हाक मारायचीही हिंमत झाली नाही.

वस्ती अजून नऊ किलोमीटर होती. मामा खाली उतरला. मी शेवटची पिशवी घेऊन उतरलो. तीनशे मासे. मामाकडं खण तयार होता.

"वतायची का?" मी विचारलं.

मामानं पिशवी हातात घेतली, उन्हाकडं धरली, आतले मासे पाहिले. मग ट्रकच्या सावलीत बसला आणि ती मांडीवर ठेवली. "राहू दे," तो म्हणाला. "हिच्यानं गाडी जायची बी न्हाई, अन् गेली तरी काय घेऊन जायचं?"

मग आम्ही खरोखरच आराम करत बसलो.

चार वाजून गेल्यावर समोरून धूळ उठली. पांढरी पिकअप. या वेळी मागं पोती नव्हती. ओला केलेला पाचोळा अंथरलेला होता, वर सावलीला गोणपाटाचं चवाळं बांधलेलं, आणि कडेला पस्तीस-पस्तीस लिटरचे दोन कॅन, काठोकाठ. शिवदास उतरला.

"पेंड उतरायला गडीच गावले न्हाईत," तो म्हणाला. "उशीर झाला. म्हणलं रिकामीच आणावी, समद्या बसतील—"

मग त्याला ट्रकमागं रस्त्याकडेला रिकाम्या पिशव्या दिसल्या. आम्ही त्या फेकल्या नव्हत्या. वाटभर जमवून, घडी घालून, दगड ठेवून इथं रचल्या होत्या. का, ते सांगता येणार नाही. तो तिथवर चालत गेला. वाकून त्यानं वरची एक उचलली, परत ठेवली, परत दगड ठेवला.

"भरपूर पाणी हाय म्हणालास ना?"

"होतं," मी म्हणालो.

 एक कॅन उचलून शिवदासनं रेडिएटरात ओतला. मामानं सवयीनं तोंडावर खण धरला. ट्रक पहिल्या फेरीत सुरू झाला आणि पुढचे नऊ किलोमीटर त्यानं जराही कुरकुर केली नाही, हे मी आजही त्याला माफ केलेलं नाही.

वाटेत मामा म्हणाला, "सकाळी रस्ता विचारत व्हता, तो ह्योच ना?"

"हाच."



"मग सांगितलास का त्याला रस्ता?"



काठावर सगळी वस्ती जमली होती. हलग्या वाजत होत्या. 'शुभ हॉर्न' उलटा येऊन पाण्याकडं लागला तसा जोर वाढला. मग फळी पडली, आत काही दिसेना, आणि हलग्या एकेक करून थांबल्या. आई ओटीचं ताट घेऊन पुढं आली होती, ती तशीच उभी राहिली. मी एक पिशवी घेऊन उतरलो.

कुणीतरी विचारलं, "अख्ख्या दिवसात एक गाडी गेली न्हाई का रं रस्त्यानं?"

मी तोंड उघडलं.

"चिमणीसुद्धा न्हाई," मामा म्हणाला.

शिवदास तिथंच होता, पिकअपला टेकून. त्यानंही ऐकलं. तो तलावाकडं बघत राहिला.

पिशवी सोडली. तीनशेतले निम्मे पाण्यात गेल्यावर तसेच उलटे तरंगले, बाकीचे खाली गेले. आईनं ओटी भरली. मग आमच्या सोसायटीच्या चेअरमनतात्यांनी कसंबसं मुराळ्याची टॉवेल-टोपी पुढं केली. रीत होती म्हणून. मामानं ती घेतली, चालत पिकअपपाशी गेला आणि टोपी शिवदासच्या डोक्यावर ठेवली. टॉवेल खांद्यावर टाकला. बावीस घरं बघत राहिली. कुणाला वाटलं उन्हानं मामाचं डोकं फिरलं. शिवदासनं ती काढली नाही. जाताना मात्र त्यानं ती घडी करून ट्रकच्या सीटवर ठेवली, मामाच्या नकळत.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जाळं टाकायला लावलं. त्यात एक चप्पल आली. ठेका बोरखेलला गेला. दिवाळीपर्यंत आमच्यातली नऊ घरं पुण्याकडं गेली, पुढच्या वर्षी बाकीची. मामाचा ट्रक भंगारात गेला. फोडणाऱ्यानं रेडिएटर उघडला तेव्हा आत काय होतं, ते त्यानं मामाला बोलावून दाखवलं. मामा मला काही म्हणाला नाही. मेला तोवर काही म्हणाला नाही. माझ्या वाटणीला त्यानं तो खण ठेवला होता.

आता मी पाण्याचा टँकर चालवतो. बारा हजार लिटर. उन्हाळ्यात त्याच माळावरून रोज दोन खेपा असतात. कुणाची गाडी उभी दिसली की मी थांबतो, पाणी पाहिजे का विचारतो. बहुतेक जण घेतात. एखादा बॉनेट उघडं टाकून माझ्याकडं न बघताच म्हणतो, नको, आम्ही आराम करायलोत.

मग मी टँकर बाजूला घेतो, इंजिन बंद करतो आणि उतरून त्याच्या शेजारी बसतो. आराम करायला.